काळी चार ते पांढरी दोन

आमच्या बँडचा आवाज वर्षागणिक खोल होत गेला, असं म्हणणारे लोक धारवाडात अजून आहेत. म्हणोत बापडे. आवाज खोल झाला नव्हता, खाली आला होता. या दोन गोष्टींत केवढा फरक आहे हे जिला कळलं ती माझी बहीण, आणि ती याबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून मी बोलतो. मी बँडमध्ये बेस गिटार वाजवायचो. बेसवाल्याकडे कुणी बघत नाही आणि त्याचं कुणी ऐकत नाही, त्यामुळे त्याला निवांतपणे सगळं दिसतं.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही तिघं होतो. मी धारवाडात बीएस्सी करत होतो, म्हणजे घरच्यांना तसं वाटत होतं. गिटारवाला हुबळीचा, दुर्गदबैलात त्यांचं कापडाचं दुकान. त्याची गिटार परकराच्या ताग्यांमागे उभी असायची आणि गिऱ्हाईक नसलं की तो ती काढायचा. त्याच्या वडलांनी त्यावर एकच अट घातली होती, गिऱ्हाईक घाबरता कामा नये. तिसरा ड्रमवाला. त्याच्या वडलांचं गोकुळ रोडला पंपाचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप होतं. तो घरी कानडी, आमच्याशी मराठी आणि कामगारांशी दोन्हीच्या मधलं काहीतरी बोलायचा. त्याचे ड्रम एका लग्नाच्या बँडवाल्याने काढून टाकलेले होते. मोठ्या ड्रमवर अजून एका वाजंत्री पार्टीचं अर्धं नाव होतं, ते आम्ही रंगवून टाकलं. पावसाळ्यात ते परत दिसायला लागायचं.

रविवारी वर्कशॉप बंद असायचं, तेव्हा आम्ही लेथच्या बाजूला मांडामांड करायचो. पण शेजारच्या शेडमध्ये रविवारीही पॉवर प्रेस चालायचा. ढप्प, ढप्प, ढप्प. भिंती हलायच्या. महिनाभर आम्ही त्याच्याशी भांडलो. मग ड्रमवाला म्हणाला, "होगली बिडु, त्याच्याच जोडीनं जाऊया." जाऊ दे म्हणाला आणि खरंच प्रेसच्या ठोक्यावर वाजवायला लागला. त्यामुळे आमची पहिली सगळी गाणी एकाच वेगाची आहेत. पुढे बेळगावात एक मुलगा मला म्हणाला, तुमच्या संगीतात एक निष्ठुर सातत्य आहे. मी म्हटलं, हो, ओव्हरटाइम चालू असतो.

तेव्हा गायचो मी. दुसरं कुणी तयार नव्हतं.

अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. नऊ वर्षांची असल्यापासून ती केलगेरीच्या रस्त्याला राहणाऱ्या एका गुरुजींकडे गाणं शिकत होती. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी. ताप असो, परीक्षा असो, घरात कुणाचं बारसं असो, अक्का या दोन दिवशी तिकडेच. गुरुजी काटकुळे आणि तापट. रागवायचे कानडीत आणि कौतुक करायचे मराठीत, त्यामुळे अक्काचं कानडी फर्डं झालं होतं. पण तिचा जीव होता त्या घरात. गुरुजींच्या बायकोला ती काकू म्हणायची, थेट स्वयंपाकघरात जाऊन स्टीलच्या पेल्यात चहा ओतून घ्यायची, जाताना कढीपत्ता तोडून आणायची. आमच्या घरात ती पाहुणी असल्यासारखी वागायची आणि तिकडे लेकीसारखी. आई कधीमधी त्यावरून कुरकुरायची.

मी रविवारी नक्की काय करतो हे बघायला आईनेच तिला गोकुळ रोडला धाडलं. ती आली, तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसली, अर्धं गाणं ऐकलं आणि हात वर केला. आम्ही थांबलो. प्रेस थांबला नाही.

"तू बेसूर आहेस," ती मला म्हणाली. "त्यात लाज काही नाही. पण तुला ते कळत नाही, हे वाईट आहे."

मग तिने गिटारवाल्याला विचारलं, तुझा सा कुठे आहे? तो म्हणाला, सा म्हणजे? अक्काने कपाळावर हात मारून घेतला. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांपैकी कुठल्या पट्टीपासून गायचं हे ज्याच्या त्याच्या गळ्यावर ठरतं. गिटारवाल्याची सगळी गाणी पांढरी तीनची, कारण जगातले सगळे गिटारवाले तिथूनच वाजवतात. अक्काची काळी चार, चांगली वरची पट्टी. ती गुरुजींनी ठरवून दिलेली. आडनाव एक वेळ लग्नात बदलतं, सा बदलत नाही, असं तिचं म्हणणं.

गिटारवाला म्हणाला, गिटारच्या मानेवर ज्या घरात चिमटा लावावा तितकी पट्टी वर चढते, पण तसला चिमटा हुबळीत मिळत नाही. ड्रमवाल्याने तो पुढच्या रविवारपर्यंत लेथवर करून आणला. अस्सल स्टीलचा. फेकून मारला असता तर माणूस जागच्या जागी गेला असता. गिटारच्या चौथ्या घरात तो चिमटा बसवला आणि अक्का गायली. एकच ओळ. त्यानंतर मी गाण्याचा विषय पुन्हा काढला नाही. काय सांगू, लेथवरचा लोखंडाचा कीससुद्धा थरथरला असेल. माझ्या बहिणीचा आवाज मी जन्मभर घरात ऐकला होता, पण रियाजाची कटकट म्हणून ऐकला होता. असा समोर बसून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आणि माझे डोळे भरून आले. मी तेलाच्या वासावर ढकललं.

तर असा आमचा पहिला आवाज. प्रेसचा ठोका, चौथ्या घरातला लोखंडी चिमटा आणि मागे अक्काचं तंबोऱ्याचं मशीन सतत गुणगुणत, कारण त्याशिवाय ती तोंड उघडायची नाही. गाणी आमचीच, मराठी-कानडीच्या खिचडीत. बसची वाट बघण्यावर एक होतं, पंपावर एक होतं. गुरुजींना तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. विचारलं तर नाही म्हणतील, असं तिचं साधं गणित.

मग तो गणपती आला.

धारवाडातल्या एका गणेश मंडळाला ऐन वेळी ऑर्केस्ट्रावाल्यांनी दगा दिला. ड्रमवाल्याच्या ओळखीने आम्हाला बोलावणं आलं. तीन तासांचा कार्यक्रम, आपल्या गावात, पहिल्यांदाच. गाणी कुठल्या क्रमाने घ्यायची यावर वाद झाला. गिटारवाल्याने तेव्हा एक जबरदस्त गाणं बांधलं होतं. कुठल्या कुठल्या परदेशी कॅसेटी ऐकून त्याने खालच्या तारांवर एक अंगावर येणारी धून काढली होती आणि मी तिला वीज जाण्यावर शब्द लिहिले होते. दिवा गेला, पंखा गेला, आता अंधारात बसा, अशा अर्थाचे. ते दुसरं घ्यायचं, म्हणजे भेळ खायला उठणारे लोक जागेवर बसतील, असा त्याचा हिशेब.

अक्का म्हणाली, "ती भैरवी आहे. शेवटी घ्या."

गिटारवाला म्हणाला, "अक्का, रॉकमध्ये भैरवी नसते."

"रॉकमध्ये नसेल. धारवाडात असते."

पण ती एकटी आणि आम्ही तिघं. शेवटी तीही म्हणाली, घ्या, मांडवातल्या कार्यक्रमाला कोण बैठकीचे नियम लावतंय.

संध्याकाळी मांडव खच्चून भरला होता. पुढे जमखान्यावर पेन्शनर मंडळी, शिक्षक, वकील, त्यांच्या बायका, मांडीवर शाली. आमच्या वडलांच्या, म्हणजे अप्पांच्या, कोर्टातल्या बाररूममधले चार-पाच जण. आणि अगदी पुढे, मंडळाने मानाने आणून बसवलेल्या खुर्चीत गुरुजी. अक्काने त्यांना बघितलं आणि एक पाऊल मागे घेतलं. पण आता पळणार कुठे?

पहिलं गाणं झालं. लोकांनी सोसलं. दुसरं सुरू झालं. गिटारने ती धून सुरू केली, अक्काने पहिला स्वर लावला, आणि जमखान्यावर माना डोलायला लागल्या. व्वा, आहाहा, क्या बात है. आम्ही खूश. शेवटच्या कडव्याला, दिवा गेला, आता अंधारात बसा, इथे तर दोन-तीन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. गाणं संपलं. टाळ्या झाल्या. आणि मांडवातले लोक हात जोडून उठले आणि शाली झटकून चपला शोधायला लागले.

भैरवी झाली की बैठक संपते. हे धारवाडात कुणाला सांगावं लागत नाही. लहान पोरंही भैरवी ऐकली की आईचा पदर ओढून घरी चल म्हणतात. अध्यक्ष हार-नारळ घेऊन स्टेजवर आले, आभार मानले. लाईटवाल्याने एकेक माळ बंद करायला घेतली. आमची सतरा गाणी शिल्लक होती. एक वकीलसाहेब मुद्दाम वर येऊन मला म्हणाले, "भैरवी उत्तम. मृत्यूवरची रचना कुणाची? कार्यक्रम मात्र जरा आटोपता घेतलात हो." मी म्हटलं, होय, वेळेअभावी.

हसू नका. म्हणजे हसा, आम्हीही नंतर पोट धरधरून हसलो, ड्रमवाला तर अजून हसतो. अक्का हसली नाही. गुरुजीही उठले होते. सगळ्यांसारखे हात जोडून, तिच्याकडे न बघता.

पुढच्या मंगळवारी ती नेहमीच्या वेळेला त्यांच्याकडे गेली. काय झालं ते तिने घरी एकदाच सांगितलं. गुरुजी दारात येऊन म्हणाले, "या, बसा." काकूंनी चहा आणला, तो पाहुण्यांच्या कपबशीतून. तंबोरा खुंटीवरून काढलेलाच नव्हता. गुरुजी म्हणाले, "भैरवी छान झाली तुमची. भैरवीनंतर आपल्यात गात नाहीत. आता मी काय शिकवणार?" आवाज चढवला नाही, कानडी शब्द नाही. चहा संपला. ती उठली. तेही उठले आणि फाटकापर्यंत पोचवायला आले.

"दोन शिव्या दिल्या असत्या तर?" ती म्हणाली. "दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी तिथेच बसले असते."

अप्पा वकील माणूस. म्हणाले, जा, माफी माग, पुन्हा अर्ज कर. अक्का म्हणाली, "माझ्या गाण्याची माफी मी मागणार नाही. त्यांनी बोलावलं की जाईन. उभ्या पावली जाईन." आणि तिने कपाटातले सगळे कपडे काढून इस्त्री करायला घेतले. धुतलेले, न धुतलेले, सगळे.

झालं. तेव्हापासून आमच्या बँडला एक नियम लागला. मंगळवारी आणि शुक्रवारी कार्यक्रम नाही, सराव नाही, प्रवास नाही. अक्का त्या दोन संध्याकाळी घरात. का, तर गुरुजींचा निरोप आला तर? लोकांना वाटायचं हिचे देवीचे वार आहेत. एका भाविक कॉलेजने त्याबद्दल आमचा सत्कारही केला. बंगळूरच्या एका मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं शुक्रवारचं म्हणून आम्ही नाकारलं, तेव्हा गिटारवाल्याने दुकानातला कात्रीचा डबा जमिनीवर आपटला. "अक्का, ते नाही बोलावणार! वर्षं गेली!" अक्का म्हणाली, "तू नको सांगू." तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. तिच्याशी न बोलायची कुणाची छाती नव्हती.

आणि बाकीच्या पाच दिवशी ती गायली, अशी गायली की बस. दुसरं कुठे गायची सोय उरली नव्हती ना. बेळगाव झालं, पुणं झालं, गोवा झालं, शनिवार धरून बंगळूरही झालं. शेजारच्या शेडमध्ये नवं मशीन आलं, त्याचा ठोका दुप्पट, तर आमची गाणी आपोआप जलद झाली. गिटारवाल्याने कपाटाएवढा ॲम्प्लिफायर घेतला. ड्रमवाला दिवसभर हातोडा चालवून संध्याकाळी त्याच जोराने वाजवायचा. आमच्या त्या ढणढणाटात गाणारणीला स्वतःचा आवाज ऐकू येण्याची काही सोय असते, हे आम्हाला फार पुढे कळलं. तोवर आम्ही वाजवायचो आणि ती आमच्या वरून गायची. दिवसा शाळेत इतिहास शिकवायची, एका वर्गात सत्तर पोरं. तिथेही वरूनच बोलावं लागायचं.

नवं शतक लागल्यावर बंगळूरला जाऊन आम्ही एक सीडी केली. ध्वनिमुद्रण करणारा तरुण फार हुशार होता. गाण्यामागे सतत कसलीतरी घरघर येते म्हणून त्याने दोन दिवस खपून ती काढून टाकली. ती घरघर म्हणजे अक्काचा तंबोरा. सीडी ऐकली तर अक्काचा आवाज, घर उचलून नेल्यावर मागे उरलेल्या खांबासारखा, एकटाच उभा. एका इंग्रजी पेपराने लिहिलं की या रिकामपणात धीटपणा आहे. अक्काने तो पेपर मिरच्या वाळवायला घेतला. तरी त्या सीडीवरून एक कॅसेट भरून घेऊन ती देवळात काकूंच्या हातात देऊन आली, कारण गुरुजींकडे टेपरेकॉर्डरच होता. पुढचे कितीतरी मंगळवार-शुक्रवार ती फाटकाचा आवाज झाला की मान वर करायची. दूधवाला असायचा.

गुरुजी गावात दिसायचे अधूनमधून. भाजी बाजारात ती वाकून पाया पडायला गेली तर म्हणाले, "असू द्या, असू द्या. बऱ्या आहात ना?" आणि पालेभाजीकडे वळले. अक्का घरी येऊन म्हणाली, "फार थकलेत." रात्री जेवली नाही.

चिमटा पहिल्यांदा खाली कधी आला ते मला पक्कं आठवतं. पुण्याच्या कार्यक्रमाआधी अक्का गिटारवाल्याला म्हणाली, सर्दी आहे, आजच्यापुरतं एक घर खाली घे. चौथ्यातून तिसऱ्यात. मी मुकाट्याने बोटं सरकवली. सर्दी बरी झाली, चिमटा परत वर गेला नाही. पुढे कधीतरी तो दुसऱ्या घरात आला. तेव्हा ती म्हणाली, या गाण्याला खालची पट्टी शोभते. मग म्हणे सगळ्याच गाण्यांना शोभते. मग पहिल्या घरात. आणि एके दिवशी गोकुळ रोडला तिने तो चिमटा गिटारवरून स्वतःच्या हाताने सोडवला आणि लेथच्या ट्रेमध्ये ठेवून दिला. गिटारवाल्याला आनंदाचं भरतं आलं. अखेर जगातल्या बाकी गिटारवाल्यांसारखं पांढरी तीनवरून वाजवायला मिळणार! त्याने पेढे आणले. अक्काने एक खाल्ला.

लोक म्हणायला लागले, बँड परिपक्व झाला. गोव्याचा एक जाणकार म्हणाला, तुमच्या आवाजात आता अंधार आलाय, वाखाणण्याजोगा आहे. काळे टी-शर्ट घातलेली पोरं कार्यक्रमांना यायला लागली. आणखी दोन वर्षांनी अक्काला पांढरी तीनही झेपेना, तर गिटारवाल्याने ताराच ढिल्या केल्या आणि आम्ही पांढरी दोनवर आलो. त्याला कुठूनतरी कळलं होतं की परदेशातले जबरे बँडही असंच करतात. काळ्या टी-शर्टवाली पोरं वेडी झाली. घरी अक्का पहाटे उठून मशीन लावायची, काळी चारवरच. सा लावायची, तो फाटायचा, ती मशीन बंद करायची. भिंतीपलीकडे मी पडून ऐकायचो. एकदा मी म्हटलं, अक्का, डॉक्टरला दाखवू. ती म्हणाली, "तू तुझा बेस वाजव."

हुबळीत एका औद्योगिक प्रदर्शनाच्या मैदानावर आम्ही शेवटचं वाजवलं. शेवटचं हे तेव्हा माहीत नव्हतं. तोवर आमचं बसची वाट बघायचं गाणं पोरांना तोंडपाठ झालं होतं. त्यात एक जागा आहे, जिथे ती वरच्या सा ला जाऊन थांबायची. पांढरी दोनचा वरचा सा, म्हणजे मूळच्या मानाने काहीच नाही. ती जागा आली. अक्काने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. नुसती हवा. पुढच्याच क्षणी मैदानातल्या पोरांनी तो स्वर स्वतःच उचलला, हजार गळ्यांनी, बेसूर, प्रेमाने. टाळ्या, शिट्ट्या. त्यांना वाटलं, अक्काने मुद्दाम आपल्यासाठी जागा सोडली. ड्रमवाला उतरल्यावर म्हणाला, "सूपर आतु, झकास झालं, अक्का! असंच करत जाऊ."

अक्का माइकची वायर गुंडाळत बसली होती. नीट गुंडाळायची, पुन्हा सोडायची.

डॉक्टर झाले. गळ्यात गाठी आहेत, काही महिने बोलू नका, पुढचं पुढे बघू, असं म्हणाले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, ऐकलंस ना? ती म्हणाली, "त्यांना घसा कळतो रे. आवाज कळत नाही. तो एकाच माणसाला कळतो." आणि मंगळवारी दुपारी, शाळेची साडी न बदलता, मला म्हणाली, "स्कूटर काढ."

"निरोप आला?"

"नाही आला."

केलगेरीच्या रस्त्याला पोचलो. फाटकाशी उतरली, पदर नीट केला आणि उभीच राहिली. बारा वर्षं जी बाई बोलावण्याची वाट बघत बसली ती अशी न बोलावता, हात हलवत, गळा घालवून दारात उभी होती. मला तिचं इतकं वाईट वाटलं की मी उगाच स्कूटरला लाथ मारली.

काकूंनी दार उघडलं. तिच्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून बाजूला झाल्या. गुरुजी भिंतीला टेकून सतरंजीवर बसले होते, अंगात स्वेटर. फारच बारीक झाले होते. मी दाराशी टेकलो. अक्का त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "गुरुजी, आवाज गेला."

ते भिंतीपासून पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "बस नीट. पाठ सरळ."

उजव्या हाताच्या खुंटीवरून त्यांनी एक लहान तंबोरा उतरवला. बायकांसाठी असतो तसा, लहान भोपळ्याचा. तारांवर गंज नव्हता. काही न विचारता ते काळी चारमध्ये लावायला लागले. कान तारेपाशी, डोळे मिटलेले.

"नाही गुरुजी," अक्का म्हणाली. "खाली."

त्यांनी खुंट्या पिळल्या. तारा उतरल्या. "इथे?"

"खाली."

पुन्हा पिळल्या. "इथे?"

"अजून खाली."

त्यांनी एकदा डोळे उघडून तिच्याकडे बघितलं आणि परत मिटले. खुंटी पिळत राहिले. तारा सैल पडल्या, लोळायला लागल्या, सूर जाऊन नुसती फडफड यायला लागली. एवढ्याशा तंबोऱ्यात तो आवाज मावत नव्हता. अक्काची मान खाली गेली आणि ती रडायला लागली, आवाज न करता. मला गुरुजींचा असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, बसा आता कान लावून. कपबशीतून चहा देऊन वाटेला लावलंत, आता ऐका काय उरलंय ते. आणि त्याच वेळी मला हेही दिसत होतं की सूर गेला तरी त्यांनी कान तारेपासून काढलेला नाही.

त्यांनी तंबोरा हळूच भिंतीशी ठेवला. भिंतीला धरून उठले आणि आतल्या खोलीत गेले. काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. काकू धावल्या, "अहो, थांबा, मी आणते." आतून आवाज आला, "सरक तू."

ते बाहेर आले ते एक मोठा तंबोरा छातीशी धरून. त्यांच्यापेक्षा तोच जड असेल. वर खणाची गवसणी. काकू मला हळूच म्हणाल्या, "यांचा स्वतःचा. आवाज बसल्यापासून गवसणी काढू दिली नाही कुणाला. मी पुसायला घेतला तरी ओरडायचे."

गुरुजींनी गवसणी काढली. चारी तारांवरून एकदा बोट फिरवलं. फारसं काही लावावं लागलं नाही, एका खुंटीला जरासा पीळ दिला इतकंच. पांढरी दोन. खोलीभर तो सूर भरला.

"माझाही शेवटी इथेच आला होता," ते म्हणाले, आणि तंबोरा अक्काच्या मांडीवर उभा केला.

"हा तुमचा आहे, गुरुजी."

"मला आता काय करायचाय? धर. भोपळा सांभाळ. डोळे पूस आधी, तारांवर पाणी पडेल."

तिने डोळे पुसले. तंबोरा छेडला.

"हं. लाव सा."

अक्काला सा लावायला फार वेळ लागला. तो लागेपर्यंत गुरुजी थांबले.